मी काहीच केलं नाही

रात्री अकरानंतर आमची बेल वाजली की बायको वर न बघताच म्हणते, "तुमचा पेशंट आलाय." दारात चिरंजीव उभे. काखेत अर्धवट उघडा लॅपटॉप, चार्जरची वायर शेपटीसारखी जिन्यावरून फरफटत आलेली, आणि पहिलं वाक्य ठरलेलं : "दादा, मी काहीच केलं नाही."

चिरंजीव आमच्या वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहतात. गाव बार्शीकडचं, शिक्षण बीएस्सी, सध्या मुक्काम पुणे आणि व्यवसाय वेब ॲप शिकणे. या धंद्यात मला चौदा वर्षं झाली. दर वर्षी असा एक तरी भेटतोच. चेहरा बदलतो, गाव बदलतं, वाक्य मात्र तेच. ॲप कालपर्यंत चालत होतं, आज त्याचा कोड तपासणाऱ्या टेस्ट फेल होतात, आणि मधल्या काळात यांनी कशाला बोटही लावलेलं नसतं.

चिरंजीव शिकतात जँगो, म्हणजे पायथॉन भाषेत वेब ॲप बांधायची चौकट. अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स या गावी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत हे प्रकरण जन्मलं, 2005 साली जगासाठी खुलं झालं. नाव एका गिटारवादकाचं, आणि त्यातल्या 'डी'चा उच्चार करायचा नसतो. चिरंजीव 'डीजँगो' म्हणतात. मी दोनदा सुधारलं, मग सोडून दिलं. दुखणं तिथं नव्हतंच.

पहिल्यांदा आले ते जँगोचा अधिकृत धडा गिरवताना. त्या धड्यात एक चूक मुद्दाम ठेवलेली आहे. उद्याची तारीख घातलेला प्रश्नही ॲप 'नुकताच प्रसिद्ध झालेला' धरतं. ती पकडायला टेस्ट लिहायची, ती फेल झालेली बघायची, मग दुरुस्ती करायची, असा क्रम. चिरंजीवांनी टेस्ट लिहिली, फेल झालेली बघितली आणि तिथंच दोन दिवस बसून राहिले. पायथॉन काढून पुन्हा टाकलं. विंडोज बदलायचा विचारही झाला. फक्त धड्याची पुढची ओळ वाचली नाही. पडद्यावर लाल अक्षरांत 'ट्रू इज नॉट फॉल्स'. "दादा, खरं म्हणजे खोटं नव्हे. बरोबरच आहे ना? मग यात एरर काय?" प्रश्न वेदान्तातला होता, मी गप्प बसलो.

त्यानंतर एका रात्री फोन. आवाज गेलेला. "दादा, डेटाबेस गेला." वर जाऊन बघतो तर शेवटच्या ओळीत 'डिस्ट्रॉइंग टेस्ट डेटाबेस'. टेस्ट चालवताना जँगो स्वतःचा वेगळा डेटाबेस मांडतो आणि काम झालं की मोडतो, लग्नाच्या मांडवासारखा. खऱ्या माहितीला हात लागत नाही. पण पोरानं 'डिस्ट्रॉइंग' एवढंच वाचलं होतं आणि लॅपटॉपची बॅटरी काढायला स्क्रू ड्रायव्हर शोधत होता.

मग आलं चिरंजीवांचं स्वतःचं ॲप, खानावळीच्या हिशोबाचं. कुणाचे किती डबे, कुणाचा किती खाडा, महिनाअखेर काकूंना किती द्यायचे. कल्पना उत्तम, मला अजूनही आवडते. या वेळी मात्र चेहरा खुललेला : "सगळ्या टेस्ट पास!" मी पडद्यावर बघितलं. खाली 'ओके', त्याच्या वर 'रॅन झिरो टेस्ट्स'. टेस्टचं नाव 'टेस्ट' या अक्षरांनी सुरू झालं नाही तर यंत्र तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, आणि यांनी हौसेनं नाव ठेवलं होतं 'खाडा तपासणी'. परीक्षेला कुणी बसलंच नाही, म्हणून कुणी नापासही नाही. 3.12 पासून पायथॉन अशा वेळी एकही टेस्ट झाली नाही, असं स्पष्ट सांगतं. चिरंजीवांचं पायथॉन त्याहून जुनं. "आधी आकडा बघत जा रे," मी म्हणालो.

नावं बदलली आणि पहिलीच टेस्ट आपटली. तीस दिवसांचे दोन वेळचे 60 डबे, दोन दिवस गावी गेलो, म्हणजे चार डब्यांचा खाडा, उरले 56. ॲप सांगत होतं 58, कारण ते खाड्याचे दिवस वजा करत होतं, डबे नव्हे. पडद्यावर साधी ओळ : 58 बरोबर 56 नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "झालं दादा, सुटलं." मी कोड उघडला. त्यांनी टेस्टमधल्या 56 चे 58 केले होते! गणिताच्या पुस्तकात मागचं उत्तर जुळलं नाही की छपाईची चूक आहे म्हणून पेनानं तिथलं उत्तर खोडणारी मुलं आमच्या वर्गात होती. ती पुढे कुठे जातात याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

"काकू दोन डब्यांचे जास्तीचे पैसे घेतील, चालेल?" मी विचारलं. तेव्हा कुठे चिरंजीवांनी ती ओळ पहिल्यांदा नीट वाचली. पैशाचं गणित त्यांना लगेच कळतं.

माझी खरी फजिती त्यानंतरची. आजचा खाडा नोंदवायचा आणि ॲपला विचारायचं, आज खाडे किती? उत्तर एक हवं. चिरंजीव सांगायचे, शून्य येतंय. मी सकाळी नऊला ऑफिसला निघताना चालवून बघायचो, टेस्ट हिरवीगार. असं तीन दिवस. "तुम्ही हात लावला की चालते," ते म्हणायचे. माझा पायगुण, माझ्या घरचं वायफाय, अमावास्या, सगळं झालं. दिवसा काय काय केलं असशील, म्हणून मी त्यांना फैलावर घेतलं. त्यांचं एकच : "दादा, आईशप्पथ, मी काहीच केलं नाही."

चौथ्या रात्री पावणेएकला त्यांनी मला ओढतच वर नेलं. माझ्या डोळ्यांदेखत टेस्ट फेल. पुन्हा चालवली, पुन्हा फेल. कॉटवर लॅपटॉप, शेजारच्या कॉटवर एक जण पंख्याखाली घोरतोय, आणि मी गुडघ्यावर बसून ओळी वाचतोय. खाडा नोंदवताना तारीख घेतली होती इथली, भारताची. मोजताना घेतली होती 'टाइमझोन डॉट नाऊ'मधून, आणि जँगो आत वेळ ठेवतो यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आपल्याकडे नवा दिवस लागलेला आणि त्याच्याकडे अजून कालचाच. चिरंजीव अभ्यासाला बसतात बारानंतर, मी बघतो नऊला. दोघेही खरं बोलत होतो.

'लोकलडेट' हा एक शब्द घातला आणि पावणेएकलाच टेस्ट हिरवी झाली. चिरंजीव हसले नाहीत, 'बघा, सांगत होतो की नाही' असंही म्हणाले नाहीत. त्यांनी चहा टाकला. तीन दिवस फैलावर घेतल्याबद्दल काही म्हणावं असं मला वाटत होतं, पण तोवर दूध उतू गेलं आणि विषय तिकडे वळला.

आठवडाभर बेल वाजली नाही. काल रात्री सव्वाअकराला वाजली. दारात चिरंजीव, तीच वायर, तोच अर्धवट उघडा लॅपटॉप, चेहऱ्यावर मात्र भीती.

"दादा, सगळ्या टेस्ट पास झाल्या."

"मग?"

"मी काहीच केलं नाही."

मी चष्मा शोधला, आणि आधी आकडा बघितला.