दिंडीतला माइक उतरवा

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी गावातून दिंडी निघते, तिच्यातला माइक काढून टाका. सोयगावातही काढा आणि तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवरही काढा. कर्ण्यांची रिक्षा आणि धूर सोडणारं जनरेटर मंदिरापाशीच थांबू द्या. गल्लीतून गावाचा गळा जाऊ द्या.

दिंडी म्हणजे चालता-चालता करायचं संगीत नाटक आणि त्यात प्रेक्षक नसतो. टाळकऱ्यांच्या एका बाजूने चरण म्हणायचा, दुसऱ्या बाजूने तो उचलायचा. मधे पखवाज, मागे विणेकरी. ती वीणा सात दिवस खाली टेकलेली नसते, पहाऱ्यापहाऱ्याने या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरलेली असते. वळणावर गल्ली अरुंद झाली की रांगा दबतात, मागचे ठेक्यात मागे पडतात. मग पखवाजी दोन पावलं मागे सरकतो, थाप जोरात देतो आणि पाच-सहा पावलांत सगळे टाळ पुन्हा एका घावावर येतात. कुठल्याही नाट्यगृहातल्या वाद्यवृंदाने बघावं असं हे कसब आहे आणि आपल्याकडे ते कापूस वेचून आलेल्या हातांत आहे.

माइक आला की गळा एकच उरतो. बाकीच्यांचे नुसते ओठ हलतात. तिसऱ्या रांगेतलं आठ वर्षांचं पोर शेजारच्या आजोबांच्या तोंडाकडे बघत-बघत अभंग पाठ करायचं. आता आजोबा काय म्हणतात ते त्याला ऐकूच येत नाही. दोन-तीन वर्षं असं गेलं की ते पोर रांग सोडून कडेला उभं राहतं आणि मोबाइलवर दिंडीचं शूटिंग करतं. त्याचं काय चुकलं? त्याला प्रेक्षक आपणच केलं.

यावर नेहमीचं उत्तर येतं, ‘मागच्यांना ऐकू जात नाही.’ अहो, मागच्यांनी ऐकायचं नसतंच, गायचं असतं! एवढ्या मोठ्या जमावाला एका सुरात ठेवायला कर्णा लागत नाही, शिस्त लागते. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीची समाजआरती बघा. मुक्कामी सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला दंड उंच धरतो आणि तो अफाट समाज गप्प होतो. एखाद्या दिंडीचे टाळ तरीही वाजत राहिले, तर समजायचं की त्या दिंडीची तक्रार आहे. चोपदार चालत तिच्यापाशी जातो, गाऱ्हाणं ऐकून घेतो, मग टाळ थांबतात. पुढे हरवलं-सापडलं पुकारलं जातं आणि त्यानंतर आरती. सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकात. तेव्हा वीज कुठे होती?

दुसरी गोष्ट ट्रॉलीवरच्या सोंगांची. मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मुलांना वासुदेव, विठ्ठल, जनाबाई करून उभं करतात. मोरपिसांची टोपी असते, चिपळ्या असतात, सगळं असतं. फक्त वासुदेव गात नाही. मागे साउंडवर गाणं लावलेलं असतं आणि पोर दोन तास उन्हात मूर्तीसारखं उभं असतं. हे मला सहन होत नाही. पैठण आपल्याच जिल्ह्यातलं. १५९९ साली समाधी घेतलेल्या एकनाथांनी तिथे वासुदेव, जोशी, गोंधळी, आंधळा, बहिरा, मुका यांना भारुडांत उभं केलं, ते गाण्यासाठी. रस्त्यावर दिसणारी माणसं त्यांनी उचलली आणि प्रत्येकाच्या तोंडी पद दिलं. वारीत आजही सकाळच्या वाटेवर काकडा, भूपाळ्या झाल्या की वासुदेव, आंधळे, पांगुळ, गौळणी अशा क्रमाने अभंग होतात. म्हणजे पात्रं ठरलेली, प्रवेश ठरलेले, संहिता सगळ्यांना पाठ आणि रंगमंच म्हणजे पायाखालचा रस्ता.

जगात इतरत्र हे पुन्हा उभं करायला लोक किती खटपट करतात! इंग्लंडात चेस्टर गावच्या रस्त्यांवर मध्ययुगात गाड्यांवरून बायबलातली नाटकं व्हायची, एकेका धंद्याच्या लोकांनी एकेक खेळ वाटून घेतलेला. जलप्रलयाचा खेळ पाणक्यांकडे होता. ती प्रथा मोडली. पुढे बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराने त्याच जलप्रलयाच्या खेळाचा ऑपेरा केला आणि १९५८ साली ऑरफर्डच्या चर्चमध्ये तो त्या भागातल्या शाळांच्या पोरांकडून करून घेतला. पावसाच्या थेंबांचा आवाज काढायला चहाचे मग दोरीला टांगून पोरं ते लाकडी चमच्यांनी वाजवत होती. जनावरं झालेली मुलं लोकांच्या मधून गात-गात नौकेकडे गेली. बर्मिंगहॅममध्ये ग्रॅहम विक या दिग्दर्शकाने शहरातल्या साध्या माणसांना गायला उभं केलं, जुन्या गोदामांत खेळ लावले आणि प्रेक्षकांनाही पात्रांबरोबर चालायला लावलं. त्यासाठी त्यांना कंपनी काढावी लागली. आपल्याकडे कंपनी तयार आहे, तालीम झालेली आहे, आणि आपण तिच्या तोंडासमोर कर्णा आणून ठेवला आहे.

सप्ताहाच्या बैठकीत वर्गणीचा हिशेब झाला की हे विषय घ्या. दिंडीपुरता माइक बंद. सोंगं ट्रॉलीवरून खाली उतरवायची. ज्या मुलाला पद पाठ त्यालाच सोंग, आणि त्याने प्रत्येक चौकात ते म्हणायचं. वाटेतले सत्कार बंद. हार-नारळ काल्याच्या कीर्तनानंतर घ्या, चरण अर्ध्यात तोडून नको. आणि बायकांना डोक्यावर तुळस-कलश देऊन नुसतं मागे चालवू नका. मुक्ताईचं ठिकाण शेजारच्या जळगाव जिल्ह्यात आहे. निदान तिचे आणि जनाबाईचे अभंग तरी बायकांच्या रांगेने धरावेत आणि पुरुषांनी मागून म्हणावेत. साउंडवाल्या पोरांचं नुकसान होईल, असं कुणी म्हणेल. मंडपातली सात रात्रींची कीर्तनं त्यांच्याकडेच आहेत. दिंडीचे दोन-तीन तास तेवढे गावाला द्या.