नगरकरांसाठी तिसऱ्या वेचण्याची सुलभ मार्गदर्शिका

समुद्रावर जावे, स्वतःच्या हाताने तिसऱ्या वेचाव्यात आणि त्यांचे कालवण करून खावे, अशी हुक्की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या माणसाला आयुष्यात एकदा तरी येते. बहुधा ती साडूच्या घरी जेवताना येते. अशा गरजूंसाठी स्वानुभवावर आधारलेली ही मार्गदर्शिका. सर्व कलमे वाचल्याशिवाय गाडी काढू नये.

१. पात्रता

उमेदवार जिल्ह्याचा रहिवासी असावा. जुन्या सवयीने स्वतःला नगरकर म्हणवत असल्यास चालेल. पोहता येण्याची अट नाही. विहिरीत पोहता येत असल्यास ते समुद्रावर कोणाला सांगू नये.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटर. एवढ्या जागेत कळसूबाई बसली, साखर कारखाने बसले, शिर्डी आणि शिंगणापूर बसले. समुद्र तेवढा राहून गेला. अकोले तालुक्यात घाटघरला किंवा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले की कोकण अगदी पायाखाली दिसते. इथूनच खाली उतरावे असे कोणाच्या मनात येईल. येऊ देऊ नये. ती जागा उतरण्याजोगी असती तर तिला कडा म्हटले नसते.

२. ऐतिहासिक हक्क

‘तुमचा समुद्राशी काय संबंध?’ असे कोणी विचारल्यास खालील कागदपत्रे दाखवावीत.

चौलचे बंदर निजामशाहीचे होते आणि निजामशाहीची राजधानी म्हणजे आपले नगर. पोर्तुगिजांनी १५२१ मध्ये चौलजवळ रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला, तोही निजामशाहाच्या परवानगीने. पुढे ते ऐकेनासे झाले. पडवीत भाडेकरू ठेवलेल्यांना हा भाग समजावून सांगायला नको. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशाह तोफा आणि फौजफाटा घेऊन चौलवर गेला, कित्येक महिने वेढा घालून बसला आणि १५७१ मध्ये तह करून माघारी आला. जंगी तयारीने समुद्रावर जायचे आणि रिकाम्या हाताने घाट चढायचा, ही नगरी परंपरा तिथून धरावी.

त्याहून जुना पुरावा नेवाशाला आहे. १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केले, त्यात शंखाच्या बांगड्या निघाल्या. प्रवरेच्या काठी तो शंख होत नाही. म्हणजे फार पूर्वी कोणीतरी समुद्रावरचा माल इथवर आणला होता. त्याने तो वेचला की विकत घेतला, हे माती सांगत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, शेवटी लागणार आहे.

३. शब्दज्ञान

तिसऱ्या म्हणजेच शिवल्या. वाळूत आणि खाडीच्या चिखलात सापडतात. कालवे खडकाला चिकटलेली असतात आणि फोडून काढावी लागतात. खुबे आणि मुळे ही पुढच्या इयत्तेची पुस्तके, पहिल्याच सहलीत उघडू नयेत.

कर्जतकडच्या मंडळींनी विशेष नोंद घ्यावी. शिपी आमटीत शिंपल्या नसतात, डाळ असते. त्या आमटीच्या जोरावर आपल्याला या विषयातले काही कळते असे समजू नये.

४. मुहूर्त

आपल्याकडे पाणी कधी येणार हे पाटबंधारे खाते ठरवते. समुद्राचे पाणी तिथीवर चालते. कोकणातला ढोबळ हिशोब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. तृतीया असेल तर तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे सव्वादोनला भरती. तिच्या आधी आणि नंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी आठ-साडेआठला वाळू उघडी. शाळेत पाऊणकी पाठ न केल्याचा पश्चात्ताप माणसाला होतो तो इथे.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी वर खूप चढते आणि तितकेच लांब ओसरते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा समुद्र सरकारी कामासारखा जागच्या जागी हलतो. तिसऱ्यांसाठी उधाणाची ओहोटी धरावी.

आता यातून वजाबाकी करावी. सोमवार शंकराचा. गुरुवार वर्ज्य, कारण शिर्डी आपल्याच जिल्ह्यात. शनिवार वर्ज्य, कारण शिंगणापूरही आपल्याच जिल्ह्यात आणि तिथे घरांना दारे न लावण्याची प्रथा, म्हणजे शनिदेवाचे लक्ष किती बारीक असेल ते समजून घ्यावे. वद्य चतुर्थीला ओहोटी सकाळी नऊची, अगदी सोयीची, पण त्या दिवशी संकष्टी. श्रावण वर्ज्य. पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि खाडी गढूळ, म्हणून तोही वर्ज्य. जे दिवस उरतील, त्यांपैकी एकाही दिवशी साडूला रजा मिळत नाही.

५. साहित्य

आम्ही नेलेले: खुरपी तीन, फावडे एक, घमेली दोन, उसाच्या फडात घालायचे बूट, पन्नास किलोची रिकामी पोती चार.

लागलेले: रबरी चप्पल आणि एक पिशवी.

६. प्रत्यक्ष कृती

ओल्या वाळूत बारीक छिद्रे दिसतात. शेजारी-शेजारी दोन असतील तर खाली तिसरी असण्याचा संभव. बोटांनी हळूच उकरावे. फावड्याने उकरल्यास आजूबाजूच्या बायका काम थांबवून पाहू लागतात. कांदा काढण्याचा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते, पण कांदा माणूस आला म्हणून आणखी खोल जात नाही.

पहिल्या अर्ध्या तासात आम्हा चौघांना मिळून अकरा तिसऱ्या मिळाल्या. पैकी सात रिकाम्या, नुसत्या वाळूने भरलेल्या. एवढ्या वेळात शेजारी बसलेल्या बाईंची टोपली तळ झाकून वर आली होती. त्या वाळूकडे बघतही नव्हत्या, दुसरीशी लग्नाच्या याद्यांविषयी बोलत होत्या.

खडकावरची कालवे पाहून कोणाला चेव येईल. त्यांच्या कडा वस्तऱ्यासारख्या असतात. ऐकलेले नाही असे दाखवून आमचे साडू गेले आणि पायाला रुमाल बांधून परत आले.

७. भरती: सर्वांत महत्त्वाचे कलम

वाळू टणक होती, जागा मोकळी होती, पैसे मागणारे कोणी नव्हते. साडूंनी बोलेरो थेट पाण्याजवळ लावली. काही वेळाने त्या बाईंनी हाक मारली.

“दादा, भरती लागली. गाडी काढा.”

साडू हसून म्हणाले, “आक्का, आमच्याकडं एकदा गेलेलं पाणी परत येत नसतं.”

यात गर्व नव्हता, अनुभव होता. आमच्याकडे कालव्याच्या आवर्तनासाठी नमुना नंबर ७ चा अर्ज भरावा लागतो, मागची थकबाकी भरावी लागते, मग आंदोलन होते, मग बैठक होते, आणि एवढे होऊन पाणी सुटलेच तर ते शेवटच्या चारीपर्यंत पोहोचत नाही. जे पाणी दिवसातून दोनदा, विनाअर्ज, बोलल्या वेळेला परत येते, त्याच्यावर नगरी माणसाचा विश्वास बसावा कसा? बोलेरोची पुढची चाके बुडाली तेव्हा बसला.

गावातून ट्रॅक्टर आला. दोराने गाडी ओढली. त्या दिवसभरात आम्हाला ओळखीचा वाटला तो एक ट्रॅक्टर.

८. संपादन

भरतीनंतर बाजाराच्या कोपऱ्यावर त्याच बाई बसलेल्या दिसतील. पुढ्यात तिसऱ्यांचे वाटे लावलेले असतात. नगरच्या भाजीबाजारातली सवय म्हणून घासाघीस करावीशी वाटेल. करून पाहावी. बाई काही बोलणार नाहीत, फक्त आपल्या पिशवीतल्या चार तिसऱ्यांकडे बघतील. मुकाट्याने दोन वाटे घ्यावेत. दोन तास उकिडवे बसणे, पाऊणकी आणि भरतीची चाहूल, हे सगळे त्या भावात धरलेले असते.

९. पाककृती आणि धोके

या कलमात विनोद नाही. शिंपल्या पाणी गाळून त्यातले अन्न खातात, त्यामुळे पाण्यातली घाणही त्यांच्यात साठते. गटार किंवा कारखान्याचे पाणी येते तिथल्या शिंपल्या घेऊ नयेत. काही विषारी शेवाळांचे विष शिजवूनही जात नाही, म्हणून स्थानिक लोक ‘सध्या खाऊ नका’ म्हणाले की खाऊ नये. तिसऱ्या जिवंतच हव्यात. उघडी असेल तर टिचकी मारावी, मिटली नाही तर टाकावी. शिजल्यावर जी उघडत नाही तीही टाकावी. आधी मिठाच्या पाण्यात काही तास ठेवल्या की वाळू ओकतात.

एक शिंप काढून टाकायची, मांस असलेली ठेवायची, कांदा-खोबरे आणि कोकम घालायचे, की झाले एकशिपी. घरून आणलेला काळा मसाला पिशवीतच राहू द्यावा. तो घातल्यावर तिसऱ्या आणि हुलगे यांत फरक उरत नाही. नगरपर्यंत नेण्याचा हट्ट करू नये, उन्हात गाडीत त्या मरतात. मुक्कामीच शिजवून खाव्यात.

१०. पर्यायी योजना

परतताना लक्षात येते की जून लागला, पहिले पाऊस पडले की अकोल्याच्या डोंगरात, भंडारदरा-रतनवाडीकडे, लोक रात्री बॅटऱ्या घेऊन ओढ्यांत आणि भाताच्या बांधांवर खेकडे धरतात. पाट्यावर वाटून केलेला तो रस्सा आपल्याच जिल्ह्यातला. अंगाशी पिल्ले असलेली मादी सोडून द्यायची, हा नियमही तिथल्या जाणत्यांकडून शिकावा. मात्र खेकड्याचे बीळ कोणते आणि सापाचे कोणते, हे ओळखण्याला पाऊणकी नाही. तिथेही कोणा जाणत्याच्या मागेच चालावे लागते. म्हणजे समुद्र असो की डोंगर, कलम ८ चुकत नाही.

११. विल्हेवाट

आपण समुद्रावर जाऊन आलो याचा पुरावा म्हणून साडूंनी सगळी टरफले पोत्यात भरून आणली. चार पोत्यांपैकी एकाचा तळ झाकला. आठवडाभर शेजाऱ्यांना दाखवली. मग वास यायला लागला तेव्हा घरातून हुकूम सुटला आणि ती उकिरड्यात गेली.

दोनएक हजार वर्षांनी कोणी विद्वान तो उकिरडा काळजीपूर्वक खणतील. समुद्रापासून इतक्या दूर, ऊस पिकवणाऱ्या वस्तीच्या थरात त्यांना तिसऱ्या सापडतील. ते लिहितील की इथले लोक साहसी होते, भरती-ओहोटी जाणत होते आणि समुद्रात उतरून स्वतः शिंपल्या वेचीत होते. ते वाचायला साडू नसतील, याचे त्यांना आतापासूनच वाईट वाटते. दोन वाट्यांची पावती त्या बाईंनी दिली नव्हती, हे एक बरे झाले.