टोपीचं टोक

आमच्या भोरातून कुणी पुण्याला जाऊन आला की पूर्वी विचारायचे, "काम झालं का?" आता विचारतात, "कोण दिसलं का?" काम होत नसतं, हे सगळ्यांना ठाऊकच असतं.

शेजारच्या नानांना दिसला. पुण्यातल्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये, भारताकडून खेळलेला क्रिकेटपटू, खुद्द! मोबाइलमध्ये पुरावा आहे. फोटोत गाडीची काळी काच, रखवालदाराचं कोपर आणि टोपीचं टोक एवढं दिसतं. टोपी कुणाची, यावर स्टँडवरच्या टपरीत दोन तट पडले. एकजण म्हणाला, पार्किंगच्या पावत्या फाडणाऱ्याची असेल. नानांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय.

नानांचं काही चुकत नाही. आमची भोरची एसटी स्वारगेटला रिकामी होते आणि तिथून नेहरू स्टेडियम हाकेच्या अंतरावर. २९ फेब्रुवारी १९९६ला वर्ल्डकपमध्ये केनियानं वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं ते तिथंच. त्या काळी मैदानातून निघून पायी स्टँडवर येता यायचं, आणि वाटेत कुणी गाठ पडेल अशी आशा तरी असायची. आता सामने गहुंज्याला, द्रुतगती मार्गाच्या कडेला. खेळाडू विमानातून बसमध्ये, बसमधून हॉटेलात, हॉटेलातून पुन्हा बसमध्ये. सगळीकडे काच. मग आपल्या वाट्याला टोकच येणार.

पण त्याच पुण्यात मुरलीकांत पेटकर राहतात. १९६५च्या युद्धात गोळ्या झेलल्या, पाय निकामी झाले, तरी १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक आणलं, तेही विश्वविक्रमासह. पुढं टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली २०१८ला. दिल्लीच्या सरकारला ओळख पटायला ४६ वर्षं लागली. मग २०२४ला 'चंदू चॅम्पियन' आला आणि लोकांनीही ओळखलं. म्हणजे कार्तिक आर्यनला ओळखलं. नानांचे साडू टेल्कोतूनच निवृत्त झालेत. पेटकरांचं नाव त्यांनी पहिल्यांदा थेटरात ऐकलं.

आमच्या शेजारच्या वेल्ह्यात कारभार उलटा. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण तोंडात वेल्हंच बसलंय.) इथं शहरच धावत भेटायला येतं. सिंहगड-राजगड-तोरणा अशी डोंगरातली शर्यत असते, थोरली धाव पन्नास किलोमीटरच्या पुढची. छातीवर नंबर, मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ, पाठीवर नळीचं पाणी. तोरणा १४०३ मीटर उंच. शेवटच्या चढावर घड्याळ बोंबलायला लागतं. अशाच एका पाहुण्याला वर ताकाची कळशी घेऊन बसलेली मावशी दिसली. ती सकाळीच चढून आलेली, पायात रबरी चप्पल.

"मावशी, तुम्हाला किती मिनिटं लागतात?"

"मिनटं कुणी मोजली? ऊन लागायच्या आत यायचं."

तो ताक प्यायला, त्यानं सेल्फी काढायला घेतला आणि मागचा बुरूज नीट यावा म्हणून मावशीला जरा बाजूला व्हायला सांगितलं.

आता नानांची खरी हुकलेली संधी सांगतो. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०१५पासून मध्य रेल्वेत. काम होतं तिकीट तपासनिसाचं. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्यानं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीहून कांस्य आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षं गेली. पदक येताच रेल्वेनं त्याला विशेष कार्य अधिकारी केलं. म्हणजे डब्यात गाठ पडायची सोय संपली.

भोरला रेल्वे नाही, म्हणून मुंबईला जायचं तर नाना पुण्याला गाडी धरतात. स्टेशनांमागून स्टेशनं खिडकीबाहेर कोण दिसतंय ते बघत असतात. तपासनीस आला की मान न वळवता तिकीट पुढं करतात. अख्खा डबा असंच करतो. तपासनिसाचा चेहरा नीट निरखणारा, त्याच्याशी दहा मिनिटं बोलणारा आणि वर पावतीवर त्याची सही घेऊन जाणारा प्रवासी एकच, विनातिकीट.

नानांनी जन्मभर तिकीट काढलं.