सातबाऱ्यावर नसलेलं बेट

लातूर जिल्ह्यात एखाद्याच्या रानात शेततळं झालं की त्याचे नातेवाईक वाढतात. विहिरीला हा मान नाही. विहिरीत पाणी आहे की नाही ते वाकून बघावं लागतं आणि वाकायला कोणाला वेळ असतो? शेततळं मात्र रस्त्यावरून मोटारसायकलवर जाणाऱ्यालाही दिसतं. 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तेव्हा मागणाऱ्यांत मीही होतो. निलंग्याबाहेरच्या आमच्या रानात तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल तळं झालं. पन्नीचा खर्च पदरचा. जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेली, त्यामुळे काठाचा उतार वजा करून हिशेब मांडला. तुडुंब भरलं तर बावीस लाख लिटरला थोडं कमी.

त्याच वर्षी एप्रिलात मिरजेहून लातूरला 'जलदूत' नावाच्या रेल्वेने पाणी आलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, पंचवीस लाख लिटरची. म्हणजे माझ्या रानात 'जलदूत'च्या चव्वेचाळीस वाघिणी कायमच्या येऊन थांबल्या होत्या. हे ज्याला ज्याला सांगितलं त्याने तळ्याकडे आदराने पाहिलं आणि माझ्याकडे संशयाने.

साठवलेलं पाणी हिरवं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नाल्यातून येताना ते चार जणांच्या रानातला युरिया घेऊन येतं. वर आमच्याकडचं ऊन, खाली काळी पन्नी. मग शेवाळाला आणखी काय हवं? ठिबकची जाळी सारखी चोंदायची. सल्ले आलेच. एकजण म्हणाला, मोरचूद टाका. मोरचुदाने शेवाळ मरतं यात वाद नाही, पण तळ्यात रोहू आणि कटला सोडलेले, मोरचूद त्यांनाही सोडत नाही.

मग शेवाळावर उपाय म्हणून तरंगत्या बेटाची अक्कल हैदराबादहून आली. 1956 पर्यंत आमच्या तालुक्याचे सगळे हुकूम तिकडूनच यायचे, तेव्हा यात नवं काही नाही. हैदराबादच्या नेकनामपूर तलावात 2 फेब्रुवारी 2018 ला, म्हणजे जागतिक पाणथळ दिनाला, सुमारे तीन हजार चौरस फुटांचं तरंगतं बेट सोडलं गेलं. ध्रुवांश नावाच्या संस्थेचं हे काम. खाली बांबू, त्यावर थर्माकोलचे ठोकळे, त्यावर पोती, त्यावर खडी आणि त्यात साडेतीन हजारांच्या आसपास रोपं. झाडांची यादी वाचली आणि मी उठून उभाच राहिलो. वाळा, कर्दळ, पाणकणीस, तुळस! यातली अर्धी तर आमच्या न्हाणीच्या सांडपाण्यावर आपली आपण वाढलेली होती.

यामागचं शास्त्र सोपं आहे. झाडाला माती नसते, मुळं थेट पाण्यात लोंबतात. त्या मुळांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट यांचा समाचार हे जिवाणू घेतात, थोडं नत्र आणि स्फुरद झाड स्वतः ओढतं, आणि बेटाच्या सावलीत शेवाळाला ऊन मिळत नाही. बहुतेक काम खाली बुळबुळीत थर करतो आणि वर उभं राहून फुलं दाखवायचं काम कर्दळ करते. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेला जो कधी गेला असेल, त्याला याहून जास्त समजावायला नको.

मणिपूरच्या लोकटाक सरोवरात अशी बेटं निसर्ग स्वतः करतो. त्यांना फुमदी म्हणतात आणि त्यांवर अख्खं राष्ट्रीय उद्यान आहे, त्यात संगाई हरणं चरतात. माझी अपेक्षा एवढी मोठी नव्हती. आठ फूट बाय सहा फूट, बास.

आता कशावर तरंगवायचं? आमचा मेहुणा तेव्हा आमच्याकडे मुक्कामी होता. त्याने माळ्यावरून थर्माकोलचं मखर काढून आणलं. 2018 मध्ये राज्यात बंदी आली तेव्हापासून हा सोनेरी खांबांचा महाल जुन्या गादीखाली दडवलेला होता.

"दाजी, तोडायचं कशाला? असंच सोडू. बेटाचं बेट अन् देवळाचं देऊळ."

थर्माकोलचे दाणे सुटतात, मासे ते खातात, हे त्याला सांगून पाहिलं. मासे बंदी मानत नाहीत का, असं त्याने विचारलं. त्याने दुसराही पर्याय ठेवला, जलपर्णी. "ती आपली आपण तरंगती, दोन टाका, बगा कशी पसरती." पसरते, हीच तर तक्रार आहे. पुण्याच्या नदीत जाऊन बघ म्हटलं, आणि विषय संपवला.

शेवटी मार्ग सापडला तो विहिरीत. आमच्याकडे पोरं पोहायला शिकतात ती पाठीला हवाबंद डबा बांधून. आधी वाळलेला भोपळा असायचा, मग तेलाचा डबा आला, आता प्लॅस्टिकचा कॅन. वीस लिटरचा रिकामा कॅन बूच घट्ट लावून पाण्यात दाबला तर वीस किलोचा जोर वर मारतो. कॅनचं वजन वजा केलं तरी एकोणीस किलो उचलतो. सहा कॅन म्हणजे शंभर किलोंच्या वर. आर्किमिडीजला हे न्हाणीत कळलं, आमच्याकडच्या सात वर्षांच्या पोराला ते विहिरीत कळतं आणि तो उघडा पळतोही तसाच. भंगारवाल्याकडे कॅन मागितले तर त्याने आधी फवारणीचे दाखवले. ते नकोत म्हटल्यावर पाण्याचे काढून दिले. लातूर जिल्ह्यात ज्या कॅनने जन्मभर पाणी आत ठेवलं, त्याला आता पाणी बाहेर ठेवायचं काम मिळालं.

चौकटीला बांबू. तो मिळणं अवघड नव्हतं. औसा तालुक्यातल्या लोदग्याचे पाशा पटेल गावोगाव बांबू लावा म्हणून सांगत फिरतात, त्यामुळे जिल्ह्यात बांबूबद्दल बोलायला माणूस लागला तर तो सापडतोच. चौकट सुतळीने आवळली, तारेने नाही. कारण या सगळ्या बांधकामात खरा साहेब एकच होता, तळ्याचा कागद. पन्नीला आमच्याकडे कागद म्हणतात, आणि त्याला भोक पडलं की चव्वेचाळीस वाघिणी जमिनीत. सासरे रोज काठावर खुर्ची टाकून बसायचे. बेट बुडेल की तरेल, झाडं जगतील की मरतील, याच्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. "कागदाला लागंल" हे एकच वाक्य ते दर पाच मिनिटांनी म्हणायचे. त्यामुळे बांबूच्या प्रत्येक टोकाला ट्यूबचा तुकडा गुंडाळला गेला. चौकटीवर शेडनेट, त्यावर काथ्या, त्यावर बारदाना, बारदान्याला भोकं पाडून वाळ्याचे फुटवे आणि कर्दळीचे कंद. एका कोपऱ्यात वजन सारखं करायला घमेलंभर बारीक खडी टाकली. लव्हाळा लावावा लागला नाही. तो आमच्या आधी पोचला होता.

बघायला गाव आलं. सकाळी गाड्यावरचा निलंगा राईस खायचा आणि मग तळ्यावर चक्कर, असा क्रमच लागला. निलंगेकरांना हिरव्या कामाचं कौतुक आहे हे मान्य केलं पाहिजे. 2019 च्या शिवजयंतीला इथल्याच मंगेश निपाणीकर या कलावंताने पाच-सहा एकर रानात गवत उगवून शिवाजी महाराजांचं चित्र साकारलं होतं, तेव्हा ते बघायला कुठून कुठून माणसं आली. पण ते पडलं महाराजांचं चित्र. माझ्या अठ्ठेचाळीस चौरस फुटांकडे बघून शेजारच्या रानातले अण्णा म्हणाले,

"सर, रानातली झाडं वाळायलीत अन् तुम्ही पाण्यावर झाडं लावायलाव. पाणी पितील की ती."

हा प्रश्न मात्र बरोबर होता. उघड्या पाण्याची वाफ होते तशी झाडंही पानांतून पाणी उडवतात, आणि कर्दळीसारखं पानाळ झाड उघड्या पाण्यापेक्षा जास्तही उडवू शकतं. बेटाची सावली पाणी वाचवते आणि बेटावरचं झाड ते पितं. जमाखर्च कुठे जुळतो ते झाडावर आणि वाऱ्यावर ठरतं. मी अण्णांना हे सगळं नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे पितील."

मेहुण्याला दुसरीच काळजी. ई-पीक पाहणीत हे कुठल्या गटात टाकायचं? सकाळी बेट आपल्या बांधाच्या बाजूला असतं, दुपारी वारं सुटलं की अण्णांच्या बाजूला. तलाठ्याने पंचनाम्याला कुठल्या वेळेला यायचं? वाऱ्याचा बंदोबस्त म्हणून दोन काठांवरून दोन दोऱ्या ताणून बेट मधोमध बांधलं. गाठी मेहुण्याच्या. बैलाला मारतात तसल्या, एकदा मारल्या की कुऱ्हाडीनेच सुटणाऱ्या.

पहिला रहिवासी आला तो दिवड. बिनविषारी साप, मासे खायला येतो. दुपारी कर्दळीखाली वेटोळं करून उन्हाला पडायचा. क्षीरसागरात शेष तर आला, वरची जागा रिकामी होती. मेहुण्याने तिथे जाऊन पडावं, असं त्याच्या बहिणीने सुचवलं. मग चतुर आले, बेडूक आले, आणि उन्हाळ्यात टिटवी आली.

बाहेरगावच्या वाचकासाठी सांगतो, आमच्याकडे टिटवी हा पक्षी नाही, ते हवामान खातं आहे. तिने अंडी उंचावर घातली तर पाऊस दणकून, खोलगट जागी घातली तर पाऊस ओढ देणार. अंडी चार असली तर चारही महिने पाऊस, तीन असली तर एक महिना कोरडा. टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते हे पक्षीवाले सांगतात, पण भविष्यात तेवढी सोय ठेवावीच लागते. तर या टिटवीने अंडी घातली ती बेटाच्या कोपऱ्यातल्या खडीवर. अंडी चार.

पारावर दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, तळ्याच्या पाण्याच्या वर म्हणजे उंचावर, पेरणीची तयारी करा. दुसऱ्याचं म्हणणं, तळं जमिनीत खोदलेलं, म्हणजे अंडी खड्ड्यात, बियाणं घेऊ नका. तिसरा कोणी म्हणाला, बेट पाण्याबरोबर खालीवर होतं, म्हणजे अंदाज रोज बदलणार. त्याला दोघांनीही गप्प बसवलं. लोक पंजाबराव डखांचा पावसाचा अंदाज मोबाईलवर ऐकत ऐकत टिटवी बघायला यायचे, आणि टिटवी त्यांच्या डोक्यावरून किंचाळत झेपा घ्यायची.

इकडे भाजीपाला ठिबकवर होता. पाणी रोज उतरत होतं, दोऱ्या मात्र होत्या तेवढ्याच. एके सकाळी बघतो तर एका बाजूचे कॅन पाण्याला जेमतेम टेकलेले, बेट दोऱ्यांना लोंबकळतंय आणि टिटवी कलत्या खडीवर अंडी पोटाखाली धरून आम्हा सगळ्यांचा उद्धार करतेय. आमच्या हिने काठावरून हुकूम सोडला, "आधी दोरी सोडा, मोटर मग." सुटेना म्हणून गाठी कापल्या. तेव्हापासून पाणी काढायच्या आधी हातभर दोरी ढिली करायची, असा नेमच झाला. तासाभराचं काम, अखंड शिव्या खात.

पिल्लं निघाली आणि नवा पेच आला. टिटवीची पिल्लं घरट्यात राहत नाहीत, लगेच चालायला लागतात. पण जाणार कुठे? चारी बाजूंना पाणी, आणि काठाच्या कागदावरून माणूससुद्धा घसरतो. मग बेट दोरीने काठाशी ओढून घेतलं आणि बेटापासून बांधापर्यंत ओल्या पोत्यांची पायवाट अंथरली. सासरे खुर्चीवरून म्हणाले, "पोतं चांगलं. कागदाला लागत न्हाई." जावई म्हणून आलो त्याला कितीतरी वर्षं झाली, माझ्या कामाला त्यांच्याकडून मिळालेली ही पहिली पावती.

त्या साली मृग कोरडा गेला आणि आर्द्रात पावसाने झोडपून काढलं. त्यामुळे पारावरचे दोन्ही तट जिंकले आणि आजही दोघेही टिटवीचाच दाखला देतात.

आता पाणी साफ झालं का, हा प्रश्न. बेट अठ्ठेचाळीस चौरस फूट, तळं साडेनऊ हजार चौरस फुटांच्या वर. म्हणजे अर्धा टक्का. अर्ध्या टक्क्याने तळं निवळत नाही. ठिबकची जाळी आजही साफ करावी लागते. बेटाच्या सावलीपुरतं पाणी बरं दिसतं, मासे दुपारी तिथेच जमतात, वाळ्याची मुळं हातभर लांब झाली आहेत आणि उन्हाळ्यात माठात टाकायला विकतचा वाळा आणावा लागत नाही. हिशेबाच्या वहीत जमेच्या बाजूला एवढंच.

तरी कोणाला करायचंच असेल तर बिनधास्त करा, फक्त बेट जरा मोठं करा. फवारणीचे कॅन घेऊ नका, बांबूची टोकं गुंडाळा, दोरीला भरपूर ढील ठेवा. तळ्याला पन्नी असेल तर बेटाच्या आधी चारी काठांवरून गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडा, कारण त्या कागदावरून पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. एकट्याने उतरू नका. वाळ्याचे फुटवे हवे असतील तर पाऊस लागल्यावर निलंग्याला या, फुकट देतो. कर्दळ मागू नका, ती मेहुण्याने अर्ध्या गावाला आधीच वाटून टाकली आहे.