ठाणेला जाणारी लोकल

डोंबिवलीत शुद्धलेखनाचा आजार साथीचा आहे. लग्नपत्रिका हातात आली की मुहूर्ताच्या आधी ‘आशीर्वाद’मधली ‘शी’ दीर्घ आहे ना, हे बघणारी माणसं इथे प्रत्येक जिन्यात भेटतात. ठाण्याच्या अरुण फडके यांनी तर ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ असं पुस्तकच काढलं. मी ते खरोखर खिशात ठेवून लोकलने हिंडायचो. एकदा पाकीटमाराने पाकीट नेलं, पुस्तक राहू दिलं.

असा माणूस मुक्त सॉफ्टवेअरच्या वाटेला जाणारच. तिथे कोणीही कोणाचीही चूक सुधारून पाठवू शकतो. त्याला पुल रिक्वेस्ट म्हणतात. पाठवणाऱ्याला पगार नाही, तपासणाऱ्यालाही बहुधा नाही. त्यामुळे दोघेही भयंकर मानी.

मदतपुस्तिकेतल्या ‘आणी’चं ‘आणि’ केलं तर चटकन मंजूर होतं. घोडं अडतं ते ठाण्यात. प्रोग्रॅममध्ये गावाच्या नावासाठी जागा रिकामी सोडून पुढे ‘ला’ आधीच चिकटवलेला असतो. कल्याण घाला, ‘कल्याणला’. डोंबिवली घाला, ‘डोंबिवलीला’. ठाणे घातलं की ‘ठाणेला’! मी रीतसर तक्रार नोंदवली. सातासमुद्रापलीकडून विचारणा झाली, “या शहराचं नाव बदलता येईल का?” म्हटलं, आमच्याकडे तेही होतं, पण वेळ लागतो.

सामान्यरूप समजावण्यात आठवडा गेला. शेवटी तारलं ते सरकारी मराठीने : ‘ठाणे येथे’. पुढे ‘येथे’ आला की कुठल्याच गावाला वाकावं लागत नाही. कारकुनी भाषेला नाकं मुरडणाऱ्यांनी हे मान्य करावं, की जे प्रोग्रॅमरला सुचलं नाही ते आपल्या हेडक्लार्कने कधीच सोडवून ठेवलं होतं.

या सेवेला फार प्रतिष्ठा नाही, हेही खरं. ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात ऑक्टोबरात चार पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० साली त्यासाठी लोकांनी धडधाकट मजकुरात उगाच ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ वगैरे शब्द घुसडले, आणि वैतागलेल्या आयोजकांना काही दिवसांतच नियम बदलावे लागले. आपल्याकडचे उमेदवारही त्यात मागे नव्हते. फुकट टी-शर्टपुढे व्याकरणाचं काय चालणार!

आणि काही चुका तर सुधारायच्याच नसतात. वेबच्या एचटीटीपी नियमांत ‘रेफरर’च्या स्पेलिंगमधला एक ‘आर’ गळाला, १९९६च्या दस्तऐवजात तो तसाच छापला गेला आणि तोवर सगळी सॉफ्टवेअरं त्याच स्पेलिंगवर चालू लागली होती. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या ‘क्रिएट’ला शेवटचा ‘ई’ नाही. पुन्हा युनिक्स लिहायचं झालं तर काय बदलाल, असं विचारल्यावर तिचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी तो ‘ई’ घालीन एवढंच सांगितलं. आमच्या जिन्यातल्या जोशीकाकूंनी त्यांना तिथल्या तिथे चहा पाजला असता.

तेव्हा मंडळी, सवड असेल तर मदतपुस्तिका जरूर तपासा, ऱ्हस्व-दीर्घ पाहा, ठाण्याचं सामान्यरूप सांभाळा. फक्त त्या ‘आर’ला हात लावू नका, तो जागेवर आला तर अर्ध्या जगाच्या वेबसाइट बिथरतील.