खांबाची किंमत विचारणाऱ्या गृहस्थांस



गेल्या रविवारी सकाळी आपण सपत्नीक आमच्या वाड्यात आलात. दिंडी दरवाजात डोकं आपटून घेतलंत. चौकातल्या तुळशीचा, आडाचा आणि वाळत घातलेल्या माझ्या पंचाचा फोटो काढलात. मग ओसरीवरच्या सागवानी खांबावरून हात फिरवत विचारलंत, “हा सुटा मिळेल का?” मी दूध तापत ठेवून खाली आलो होतो, म्हणून उत्तर द्यायचं राहिलं. ते आता सवडीने देतो.

आपण बाणेरला पंधराव्या मजल्यावर राहता आणि पेठेत ‘जुन्या पुण्याचा फील असलेलं काहीतरी’ घ्यायचं म्हणता. फार चांगला विचार. या फीलमध्ये मी सत्तर वर्षं राहतो आहे. माडीवर, दोन खणांत. संडास खाली, चौकाच्या पलीकडे. पावसाळ्यात रात्री तिकडे जायचं तर एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बॅटरी आणि तिसऱ्या हाताने जिन्याचा दोर धरावा लागतो. तिसऱ्या हाताची व्यवस्था भाडेकरूने आपली आपण करायची आहे.

घर घेताना शेजार बघावा म्हणतात. आमचा शेजार शनिवारवाड्याचा. पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, वास्तुशांत १७३२ ची, आणि १८२८ च्या आगीत आतलं सगळं खाक. तट, दरवाजे, जोती आणि कारंज्याचे हौद तेवढे उरले. आता तिथे कुणी राहत नाही, म्हणून त्याची काळजी थेट दिल्लीहून घेतली जाते. आमच्या वाड्यात माणसं राहतात, तेव्हा आमची तशी सोय नाही.

२०१० मध्ये प्राचीन स्मारकांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद. त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगी घेऊन. जुन्याची डागडुजी करता येते, पण तीही ना-हरकत दाखला आणून. मी एकदा शेजारच्या मुलाला टेपचं दुसरं टोक धरायला लावून मोजलं, तर १०० मीटरची रेघ बरोबर आमच्या चौकातून गेली. स्वयंपाकघर प्रतिबंधित क्षेत्रात, संडास विनियमित क्षेत्रात. म्हणजे कायद्याने पाहता, या वाड्यात भवितव्य असलेली वास्तू ती एकच.

कायदा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तटाला खेटून उद्या बारा मजली टॉवर उभा राहिला, तर वर्तमानपत्राला पहिलं पत्र माझंच जाईल. (पत्रं लिहिण्याची मला सवय आहे, हे एव्हाना आपल्या लक्षात आलं असेल.) पण जळून गेलेला वाडा नीट दिसावा म्हणून उभे वाडे पडेपर्यंत वाट बघायची, आणि ते पडले की जागेवर पुन्हा काही बांधायचंही नाही, याला जतन म्हणतात हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. दर वर्षी वळवाच्या सुमारास ‘वाडा धोकादायक आहे, त्वरित रिकामा करावा’ अशी नोटीस येते. ती आम्ही जुन्या नोटिसांबरोबर खुंटीला अडकवतो. खुंटी मजबूत आहे. भिंतीचं सांगवत नाही.

भिंती मातीच्या आहेत, बरं का. आपल्याला त्या ‘अर्दी’ वाटल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पाण्यात बसले ते याच मातीमुळे. पाणी वर चढून भिंत पाडत नाही, ते खालून भिंत खात जातं. वडील नंतर कित्येक वर्षं पावसाळ्यात जोत्याला हात लावून ओल बघत. आता मी बघतो. आपण हात लावलात तो खांबाला, पॉलिश आहे का ते बघायला.

माझं भाडं ऐकून आपल्या सौभाग्यवती हसल्या. हसण्यासारखंच आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण धरलं आणि ते तिथेच गोठवलं. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला, तेव्हापासून वर्षाला चार टक्के वाढ. तीस रुपयांचे चार टक्के म्हणजे एक रुपया वीस पैसे. असं चढत चढत आता कुठे ते ऐंशीच्या घरात आलंय. एवढ्या पैशात कौलं शाकारणारा जिनासुद्धा चढत नाही. त्यामुळे मालक दुरुस्ती करत नाहीत आणि एवढ्या भाड्यात गावात दुसरीकडे सायकलसुद्धा लावू देत नाहीत म्हणून मी हलत नाही. आम्ही दोघं एकमेकांना मनातून काय म्हणतो ते आपल्याला फीलमध्ये मिळणार नाही. त्यासाठी राहायलाच यावं लागेल.

आता खरेदीचं. प्रॉपर्टी कार्डावर अजून मालकांच्या आजोबांचं नाव आहे. वारस २३. एक न्यू जर्सीला, दोन नाशिकला, तिघींनी हक्कसोड दिली होती, त्यातली एक ती फसवून घेतली म्हणते. टायटल सर्चला बसवलेल्या एका वकिलांचे चिरंजीव आता ते काम पुढे चालवतात.

एवढी दगदग नको असेल तर रेघेपलीकडे सदाशिव-नारायणात बघा. तिथे वाडे पाडून झालेल्या इमारती पुष्कळ. नावात ‘वाडा’ हमखास असतो, कारण बाकी कुठे तो उरलेला नसतो. जुन्या दाराची एक फळी लिफ्टशेजारी काचेत लावलेली मिळेल. पार्किंग यांत्रिक, आपली गाडी काढायला आधी वरच्या जोशांची उतरवावी लागते. अनंत चतुर्दशीला घरात शिरलात की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर पडायचा विचार करू नका. ढोल खिडकीच्या काचांना कळतो, माणसाला त्यानंतर. बाकी सगळं सोयीचं. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोही आहे, कसबा पेठ आणि मंडई अशी दोन स्थानकं. आमच्या पेठेच्या पोटातून गाडी गेली. कौल बदलायला मात्र अजून कागद लागतो.

राहता राहिला खांब. मी मालकांकडे आपली चौकशी पोचवली. २३ पैकी २२ वारसांची काही हरकत नाही, पैसे कसे वाटायचे तेवढं ठरायचंय. तेविसावे जरा विचारी आहेत. त्यांनी एवढंच विचारलंय, की खांब काढला तर माडीवरचा भाडेकरूही त्याच भावात येईल का.

आपला,
माडीवरचा भाडेकरू

ता. क. पुढच्या वेळी येताना रविवारीच या, पण नळ येऊन गेल्यावर.