बंड्याची पत

एडिसन, न्यू जर्सी

ती. दादा व सौ. वहिनी यांस,


बंड्याने क्रेडिट कार्ड घेतलंय हे कळल्यापासून दादाचं जेवणात लक्ष नाही, असा वहिनींचा निरोप मिळाला. दादा, आधी दोन घास खाऊन घे, मग हे वाच.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. उभा जन्म कराडच्या पतसंस्थेत काढलास, गावाला कर्जं वाटलीस, पण स्वतः सायकलसुद्धा हप्त्यावर घेतली नाहीस आणि सख्ख्या मेव्हण्यालाही जामीन राहिला नाहीस. तो मेव्हणा आत्ता माझ्या शेजारी चहा पितोय आणि "हे लिही, हे नक्की लिही" म्हणतोय.

पण इथे तुझ्यासारख्या माणसाला काडीची पत नाही. तू कोणाचं देणं लागत नाहीस, म्हणजे तू देणं फेडतोस की नाही हे कोणाला माहीत? आम्ही २००४ साली आलो तेव्हा विजेसाठीसुद्धा अनामत भरावी लागली होती. घर भाड्याने घ्या, गाडी घ्या, आधी तुमचा आकडा बघतात. ३०० ते ८५० मधला एक आकडा. तिकडचा सिबिलचा आकडा विमानात बसत नाही, त्यामुळे इथे उतरलेला प्रत्येक जण कोरी पाटी. बंड्याला नोकरी लागेपर्यंत ती भरायला घेतली नाही, तर पुढच्या वर्षी त्याला घर मिळवून देताना मलाच दारोदार फिरावं लागेल.

आता तुझ्या चिरंजीवांचे प्रताप. त्याने तीन रात्री जागून कार्डांचा तक्ता केला. एवढा अभ्यास इंजिनीअरिंगला केला असता तर आज तो माझ्या फ्रीजमधली आमटी संपवत नसता. शेवटी पसंत काय पडलं? धातूचं, जड, काळंभोर कार्ड. वर्षाची फी काहीशे डॉलर, आणि त्या बदल्यात विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट खाणं. पोरगा दोन वर्षांतून एकदा विमानात बसणार! तेवढ्या पैशांत मी विमानतळावर चूल मांडून त्याला पिठलं-भाकरी वाढली असती.

हे विद्यार्थ्याला मिळत नाही म्हटल्यावर त्याने एका रात्रीत आणखी तीन अर्ज ठोकले. दर अर्जाला बँक तुमची चौकशी करते आणि ती चौकशीही नोंदली जाते. चार ठिकाणी हात पसरलेला माणूस अडचणीत असणार, असं इथलेही समजतात. चारही नकार पत्राने घरी आले, कारण नकाराचं कारण कळवणं इथे कायद्याने बांधलेलं आहे. कारण एकच : कर्जाचा पुरेसा इतिहास नाही. "आत्या, इतिहासात मी पहिल्यापासून कच्चाच," इति बंड्या.

मी ह्यांना म्हटलं, आपल्या कार्डावर त्याचं नाव लावू, म्हणजे आपल्या पतीचा थोडा वास त्यालाही लागेल. फक्त त्याने उधळलं तर भरायचं आपण. ह्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे जामीनच की! आणि मी? तुझ्या भावाच्या मुलाला?" दादा, बावीस वर्षं माणूस एका वाक्याची वाट बघत होता.

मग सापडलं ते ऐकून तू भाकरी मोडशील. बँकेकडे २०० डॉलर ठेवायचे आणि बँक २०० डॉलर मर्यादेचं कार्ड देते. "आपलेच पैसे देऊन आपल्यालाच उसने घ्यायचे?" बंड्याला पटेना. मी म्हटलं, अरे, हे तुझ्या बाबांचं ठेवतारण कर्ज! त्यांनी आयुष्यभर हेच फॉर्म भरले. वर्षाची फी नाही ना, तेवढं बघून घेतलं. परदेशी व्यवहारावर मात्र ३ टक्के जास्त आहेत, तेव्हा त्याच्या ताईसाठी तिकडच्या दुकानातून राखीची भेट घ्यायची ती या कार्डावर नाही.

पहिल्याच महिन्यात त्याने बर्फातले बूट घेतले. बिल १४८ डॉलर. त्याखाली 'किमान रक्कम २५' असं छापलेलं होतं. साहेबांनी २५ भरले आणि "बिल भरलं" म्हणून पिझ्झा मागवला. मी कागद मागितला. त्यावर चौकटीत लिहिलेलं होतं, फक्त किमान भरत गेलात तर फिटायला इतके महिने लागतील. २००९ च्या कायद्याने हे छापावंच लागतं. सात महिने! व्याज वर्षाला शेकडा वीसच्या वर. आपल्या वसुलीच्या खोलीत तू चष्म्यावरून बघायचास ना, तसं मी बघितलं. मुदत संपायच्या आत उरलेले १२३ भरले.

तरी २०० पैकी १४८ हे फार दिसतं. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहावं म्हणतात, म्हणजे महिना ६० डॉलर. तेव्हा आता कार्डावर फक्त कोथिंबीर, मिरच्या आणि केस कापणं. पूर्ण बिल आपोआप खात्यातून जातं. ग्रंथालयातल्या कामाचा पगार त्याला पुरतो. विद्यार्थी व्हिसावर सत्रात आठवड्याला वीस तासच करता येतं.

दादा, त्या आकड्यातले ३५ टक्के निव्वळ वेळेवर भरण्याचे असतात. बाकीचं सगळं बंड्याचं, एवढं मात्र तुझं.

काल आठ महिन्यांनी आकडा बघितला : ६९०. तू "कितीपैकी?" विचारणार म्हणून सांगते, ८५० पैकी. टक्के काढू नकोस, बुडव्यालाही इथे ३०० मिळतात.

तुझी,
छकुली

ता. क. वहिनी, पेढे वाटणार असाल तर खुशाल वाटा. फक्त कशाचे ते गल्लीत सांगू नका. पोराने कर्ज काढलं म्हणून पेढे, हे कराडात कोणाला पटायचं नाही.